बर्फाची गाडी आणि आक्काचे दात

आक्काला ऐकू येईनासं झालंय, हे सगळ्यात आधी कळलं ते खुद्द आक्काला. आणि तिने ते असं काही दाबून टाकलं की पुढची काही वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. गॅरेजात तसंही कोण हळू बोलतं? एकीकडे ग्राइंडर किंचाळतोय, दुसरीकडे कुणी हातोड्याने चाक ठोकतंय, तिथे सगळेच ओरडून बोलतात. ओरडणाऱ्याचं तोंड बघितलं की निम्मं काम व्हायचं. उरलेलं निम्मं आक्का अंदाजाने ओढून न्यायची, आणि अंदाज चुकलाच तर समोरच्यालाच झापायची, "नीट बोल की रे, तोंडात काय बोळा कोंबलाय?" बिचारा घाबरून पुन्हा नीट बोलायचा.

बाजाराच्या मागच्या गल्लीतलं हे गॅरेज आक्काच्या नवऱ्याने काढलेलं. लग्न झाल्यावर ती त्याचा डबा घेऊन यायची आणि डबा ठेवून घरी जायचं सोडून तिथेच रेंगाळायची. एकदा त्याने सहज तिच्या हातात कार्बोरेटरमधला, पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट दिला. "तुझी बोटं बारीक आहेत, बघ बरं साफ होतोय का," म्हणाला. झाला साफ. त्यानंतर डबा नवऱ्याने आपला आपण आणायचा आणि आक्काने कार्बोरेटर उघडायचे, अशी कामाची वाटणीच होऊन गेली. नवरा गेला तेव्हा गल्लीने धरूनच टाकलं होतं की आता शटर पडणार. आक्काने डोळे पुसले, त्याचा खाकी शर्ट अंगात चढवला आणि शटर वर केलं. त्यावरूनही कुजबुज झालीच. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो. पण जुन्या गाड्या काही एकदम मरत नाहीत, आणि त्या सगळ्या हिच्याकडे यायच्या. तिचं नावच पडलं होतं 'कार्बोरेटरवाली आक्का'. हे नाव तिला मनापासून आवडायचं, आणि त्या आवडण्यानेच पुढे तिला गोत्यात आणलं.

गाडी आली की तिची पद्धत ठरलेली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मान डोलवायची. गिऱ्हाईक श्वास रोखून बघत राहायचं. कान धड होते तेव्हा त्यातून खरंच सगळं ऐकू यायचं. पुढे उरलं ते नुसतं सोंग. कान गप्प, आणि डाव्या हाताचा तळवा मात्र इंजिनाच्या झाकणावर टेकलेला. जे काय कळायचं ते त्या तळव्याला. पण हात ठेवला म्हणून कुणाचा विश्वास बसणार? लोकांना कान लावलेला लागतो. म्हणून आक्का कान लावायची.

ही गोष्ट ताडली ती भावोजींनी. भावोजी म्हणजे तिचा धाकटा दीर, गॅरेजातला निम्म्याचा वाटेकरी. ब्रेक, क्लच, चाकं, ग्रीस हे सगळं त्यांचं खातं. माणूस वाईट नव्हता, पण जन्माचा घाबरट. मोठ्या रस्त्यावर काचांचं नवं गॅरेज झाल्यापासून त्यांची झोप उडाली होती. गिऱ्हाईक जांभई देताना दिसलं तरी त्यांना वाटायचं, हा आता तिकडे जाणार.

अशात आली बर्फाची गाडी.

बर्फाच्या कारखान्यातून बाजारात लाद्या नेणारा हा जुना पेट्रोलचा ट्रक. रंग कुठला होता ते आता त्याच्या मालकालाही आठवत नसेल. चालवणाऱ्याला सगळे थंडोबा म्हणायचे, कारण दिवसभर बर्फात वावरूनही इतका तापट माणूस त्या बाजारात दुसरा नव्हता.

"आक्का, गाडी मिसिंग करतेय," तो पहिल्यांदा आला तेव्हा ओरडला. "मध्येच झटके खाते, सायलेन्सरमधून फटाके फोडते. कार्बोरेटर आहे. कार्बोरेटर बघा."

कार्बोरेटर हा शब्द आक्काला लांबूनही ओठांवर वाचता यायचा. तिने उघडला. जेट साफ केले, फ्लोट बघितला, पॅकिंग बदललं, बसवला. गाडी जागेवर सुरेख चालत होती. थंडोबा गेला आणि परत आला. पुन्हा उघडला. पुन्हा गेला, पुन्हा आला. भरीला भर म्हणून तिने प्लग बदलले, पेट्रोलची टाकी धुऊन काढली. गाडी गॅरेजात उभी असली की शहाण्या पोरीसारखी वागायची. जागेवर धुडधुड नीट, रेस दिली तरी नीट. रस्त्यावर गेली की पुन्हा तेच. झटका कधी यायचा, कधी यायचा नाही. अशी गाडी मेकॅनिकला वेडं करते. धड बिघडलेली परवडली.

शेवटी एकदा थंडोबा आला तो तोंड लाल करूनच. गॅरेजात इतर दोघं-तिघं गिऱ्हाइकं उभी होती. इंजिन चालू, अख्खी फरशी थरथरतेय, आणि आक्का बॉनेटमध्ये डोकं घालून वाकलेली. आणि भावोजींनी काय करावं? ब्रेकचा लोखंडी ड्रम उचलला आणि आक्काच्या पाठीमागे फरशीवर सोडून दिला. सगळे दचकले. बाहेरचं कुत्रंसुद्धा उठून पळालं. आक्का मात्र वळली नाही. तिचं स्क्रू पिळणं चालूच.

"बघा," भावोजी गिऱ्हाइकांना म्हणाले. "बघितलंत ना? मी म्हणत होतो."

आक्का वळली ती सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर. खाली पडलेला ड्रम दिसला, भावोजींचा चेहरा दिसला, आणि काय झालं ते तिला लख्ख कळलं. तिच्या कानशिलांवर रक्त चढलं. चार लोकांसमोर! ज्या माणसाला तिने या गॅरेजात पाना धरायला शिकवलं, त्याने!

"वहिनी, आता बास झालं," भावोजी जवळ येऊन, तोंड मोठं करून म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नाही. मिसिंग कानाने पकडायचं असतं. ते आता तुमच्याच्याने होणार नाही. गॅरेजचं नाव चाललंय. उद्यापासून तुम्ही काउंटरला बसा. आरामात. फोन घ्या."

"फोन?" आक्का म्हणाली. "बहिऱ्या बाईला फोन घ्यायला बसवताय? मग तुमच्या डोक्याचं बघायचं कुणी?"

एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. भावोजी ओशाळले. पण आक्का हसत नव्हती. तिने हात चिंधीला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं. तिला स्वतःला आवाज कमीच कळायचा, त्यामुळे पार कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं.

"हो, मी बहिरी आहे. आजची नाही, बऱ्याच वर्षांची. त्या वर्षांत या गॅरेजातनं ज्या गाड्या बऱ्या होऊन गेल्या, त्या बहिरीनेच बऱ्या केल्या. ही गाडी एकदा माझ्या ताब्यात द्या. मिसिंग निघालं तर माझं कामाचं टेबल माझं, मरेपर्यंत. नाही निघालं तर मी आपल्या पायाने काउंटरला जाऊन बसेन आणि पुन्हा पान्याला हात लावणार नाही. बोला, आहे कबूल?"

भावोजींनी मान हलवली. सगळ्यांसमोर दुसरं करणार तरी काय? थंडोबाने कपाळावर हात मारला.

आक्का त्याच्याकडे वळली. "तू गाडी माझ्याकडे रिकामी आणतोस ना रे? बाजारात लाद्या टाकून मग येतोस?"

"मग काय भरलेली आणू? बर्फ आहे तो! पाणी होईल त्याचं!"

"झालं तर होऊ दे. उद्या भरलेली आण."

"आक्का, कारखाना माझी चामडी सोलेल!"

"आण म्हटलं ना!"

थंडोबा रात्रभर शिव्या घालत असणार, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरून आली. भुशात झाकलेल्या लाद्या, वर ओलं गोणपाट, आणि फळ्यांच्या फटींतून टपटप गळणारं पाणी. आक्का थंडोबाच्या शेजारी चढून बसली. एक हात गिअरच्या दांड्यावर, दुसरा डॅशबोर्डवर, पाय पत्र्यावर घट्ट. "चल," म्हणाली. "आणि माझ्याशी बोलू नकोस. झटका आला की आला म्हणूनही सांगू नकोस."

कारखान्याकडून येताना बाजाराच्या आधी एक चांगला दमछाक करणारा चढ आहे; थंडोबाने गाडी पुन्हा त्याच्या पायथ्याला नेली. आक्काची सगळी भीती त्या चढाची. इतका बर्फ, इतकी जुनी गाडी. थंडोबाने अ‍ॅक्सिलेटर तळाला नेला, आणि गाडी कशी गेली म्हणता? गुरगुरत, पण एकही ठोका न चुकवता वर. आक्का बुचकळ्यात पडली. पेट्रोल कमी पडत असतं तर गाडीने चढावरच मान टाकली असती. वर सपाट रस्ता लागला. थंडोबाने पाय अर्धा उचलला, गाडी आरामात धावायला लागली, आणि तेव्हाच आक्काच्या हाताला झटका बसला. मग दुसरा. मग लागोपाठ तीन-चार. थंडोबाचं तोंड उघडलं होतं, आक्काने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती हाताला विचारत होती. पेट्रोलचा झटका मऊ असतो, गाडी आधी दम टाकते, मग सावरते. हा तसला नव्हता. हा कात्रीने कापल्यासारखा. आहे, नाही, आहे.

करंट! मेला करंट तुटत होता, आणि ती इतके दिवस कार्बोरेटर धूत बसली होती.

"वळव गाडी!" ती ओरडली. तिला स्वतःचाच असा संताप आला की तिने डॅशबोर्डवर मूठ हाणली.

गॅरेजात गाडी शिरली तेव्हा फरशीवर पाण्याचा ओघळ लागला. भावोजी दारातच उभे होते, मागे कालची गिऱ्हाइकंही तमाशा बघायला जमलेली. "झटका आला ना?" त्यांनी खुणेने विचारलं. आला, असं आक्काने मान हलवून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं की सुटका, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"इंजिन चालू राहू दे," आक्का म्हणाली आणि बॉनेट उघडलं. तिथे कार्बोरेटरपासून, प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपर्यंत जाणारी एक बारीक रबरी नळी असते. पाय अर्ध्यावर असला की कार्बोरेटरातली हवेची ओढ त्या नळीतून येते आणि डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली एक चकती थोडीशी फिरवते. जागेवर उभ्या गाडीत ती चकती हलत नाही. चढावर पाय तळाला गेला तरी ती जागेवरच. आणि गॅरेजात रेस दिली की ती एका उडीत या टोकाची त्या टोकाला. मधल्या जागी ती रेंगाळते फक्त भरल्या गाडीत, सपाटीला, अर्ध्या पायावर. आक्काने हे मनात एकदा जुळवलं, मग उलट बाजूने जुळवलं. दोन्हीकडून जुळलं.

तिने कार्बोरेटरच्या बाजूचं नळीचं टोक उपटलं आणि भावोजींच्या हातात दिलं. "तोंडात धरा आणि ओढा. हळूहळू. मी हात वर केला की तिथेच थांबायचं, सोडायचं नाही."

"मी?" भावोजी म्हणाले. "पेट्रोलचा वास येतोय याला."

"मग अत्तर लावून देऊ? ओढा!"

आणि मग आक्काने ते केलं, जे तिने आजवर कुणादेखत केलं नव्हतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्ट्रिब्युटरवर टेकवलं, आणि मूठ कानाला न लावता सरळ दातांत धरली. गिऱ्हाइकं बघत राहिली. इंजिनाची थरथर तिच्या जबड्यात उतरली, तिथून डोक्यात. एकसारखी, सरळ, जिथल्या तिथे.

भावोजींनी डोळे मिटून ओढायला सुरुवात केली. गाल आत गेले. थरथर तशीच. गाल आणखी आत गेले. आणि दातांतला ताल तुटला. गेला. आला. पुन्हा गेला. आक्काचा हात ताडकन वर गेला.

सायलेन्सरमधून फाडकन फटाका उडाला. इंजिन अडखळत होतं, गचके देत होतं, जागेवर, गॅरेजात, सगळ्यांसमोर. इतके दिवस जे गॅरेजात एकदाही झालं नव्हतं ते झालं, आणि ते करत होते भावोजी, स्वतःच्या तोंडाने. नळी तोंडात असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, आणि स्क्रू ड्रायव्हर दातांत असल्यामुळे आक्कालाही. दोघं एकमेकांकडे नुसती बघत राहिली. भावोजींनी श्वासासाठी नळी सोडली, इंजिन सरळ झालं. त्यांनी आपण होऊन पुन्हा ओढली. पुन्हा अडखळलं.

"आयला," नळी काढून ते पुटपुटले. हे आक्काला ओठांवर स्वच्छ दिसलं.

"आता शिव्या घाला, कार्बोरेटरला," दातांतला स्क्रू ड्रायव्हर काढून ती म्हणाली आणि इंजिन बंद करायला लावलं.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत चकतीवरच्या, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटला जोडलेली एक बोटभर लांबीची तार. वरचं कापडी आवरण अगदी शाबूत, कुणालाही चांगली वाटेल अशी. आक्काने तिची दोन टोकं चिमटीत धरून हलकेच ताणली, आणि तार लांबली. तांब्याची तार कधी लांबत नाही. आवरणाच्या आत ती केव्हाच तुटली होती. चकती एका टोकाला असली की तुकडे एकमेकांना टेकायचे, दुसऱ्या टोकाला गेली तरी टेकायचे, मधल्या जागी आली की एकमेकांना सोडायचे.

थंडोबाच्या गाडीतलं पाणी एव्हाना आक्काच्या चपलांखालून वाहत होतं. "आक्का, लाद्या! अहो, लाद्यांच्या कडा गेल्या!" तो ओरडत होता. हे न ऐकू येण्याचा फायदा तिने पुरेपूर घेतला. जुन्या इस्त्रीच्या वायरीतली मऊ, बारीक केसांची तार काढली. जाड तार लावली असती तर वाकून वाकून ती पुन्हा मोडली असती. टोकांना कथलाचा डाग दिला, आवरण चढवलं, चकती हाताने इकडून तिकडे फिरवून बघितली. मग भावोजींकडे बघितलं. त्यांनी नळी उचलली आणि तोंडात धरली.

यावेळी ते इतकं ओढत होते की डोळे बाहेर यायची पाळी आली. आक्काच्या दातांत इंजिन एकसारखं धडधडत राहिलं.

"बास, बास, कार्बोरेटरच गिळाल," ती म्हणाली.

मग आक्का आणि थंडोबा पुन्हा त्या रस्त्याने गेले. चढ संपला, सपाटी आली, थंडोबाने पाय अर्धा उचलला. आक्काचा हात दांड्यावर. काही नाही. बाजार दिसायला लागला, तरी काही नाही. थंडोबाने पाय वरखाली करून बघितला, मुद्दाम, पुन्हा पुन्हा. त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि आक्काने पहिल्यांदा पाठ सीटला टेकली. तिला रडूही येत होतं आणि कुणाला तरी एक थोबाडीत द्यावीशीही वाटत होती.

परत आल्यावर भावोजी तिच्या टेबलाशी आले. टेबल त्यांनी पुसून ठेवलेलं होतं. तिच्यासमोर उभं राहून, सावकाश, ओठ दिसतील असं ते बोलले.

"टेबल तुमचं, वहिनी. ड्रम टाकला ते चुकलं माझं. पण एक ऐका. बहिरेपणाचं बाहेर बोलू नका. कान नाही असं कळलं तर कोण गाडी देईल? पूर्वीसारखा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावा. लोकांचं समाधान होतं."

माणूस भल्यासाठीच सांगत होता, म्हणून आक्काचा संताप आणखी वाढला.

"भावोजी, माझं नेमकं कुठे चुकलं सांगू? तो कार्बोरेटर म्हणाला, तेवढंच मला समजलं, आणि मी तेच धरून बसले. कार्बोरेटरवाली ना मी! कान लावायचं सोंग केलं आणि हाताला विचारलंच नाही. आता पुरे झालं ते सोंग."

नंबरप्लेट रंगवायचा पांढरा रंग कपाटात होता. आक्काने डबा उघडला, ब्रश बुडवला आणि शटरशेजारच्या भिंतीवर लिहायला लागली. अक्षर तिचं कधीच बरं नव्हतं. रंग ओघळत होता. गल्लीतली माणसं थांबून वाचत होती, आणि ती थांबली आहेत हे दिसल्यावर तिने अक्षरं आणखी मोठी काढली.

'इथली मेकॅनिक बहिरी आहे. काय बिघडलंय ते सांगू नका. गाडी चालू करा.'

भावोजींनी डोकं धरलं. दोन दिवस ते भिंतीकडे बघायचंच टाळत होते.

तिसऱ्या दिवशी एक जुनी जीप आली. मालक उतरला तोच बोलत. "अहो, हिचा नक्की कार्बोरेटरच गेलाय, मला माझ्या मेहुण्याने सांगितलंय, तुम्ही असं करा..." आक्का टेबलापाशी पाठमोरी होती. भावोजी चाकाखालून सरकत बाहेर आले, उठले, ग्रीसने भरलेलं बोट भिंतीकडे केलं.

"वाचता येतं ना? मग मेहुण्याचं राहू द्या. गाडी चालू करा."

माणसाने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि मुकाट्याने सेल्फ मारला. पायाखालची फरशी थरथरली तशी आक्का वळली, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून दातांत धरला आणि बॉनेटकडे निघाली.